अर्धी ओवी

पद्मावतीबाईंचं देवाशी भांडण होतं आणि ते त्यांनी हैदराबादच्या चिक्कडपल्लीत कुणापासून लपवलंही नव्हतं. सकाळी देवापुढे दिवा लावत, पण हात जोडत नसत. दिवा लावायचा तो घरची रीत म्हणून, आणि हात जोडायचे नाहीत ते त्याला कळावं म्हणून. शेजारच्या तेलुगू बाईनं एकदा विचारलंच, तर त्यांनी सरळ सांगून टाकलं की त्याचं-माझं बोलणं बंद आहे.

कारण तसंच होतं. त्यांचे यजमान अप्पाराव अर्धं आयुष्य केरोबा महाराजांची पोथी वाचत आले. आबिड्सच्या एका बँकेत नोकरी करायची आणि दर गुरुवारी संध्याकाळी हिमायतनगरच्या मंडळात पोथीपुढे बसायचं, यात कधी खंड नाही. मंडळातली सगळी घरं मूळची भालकी-उदगीरकडची. शेती विकली गेली, गावं सुटली, पोरं तेलुगूत भांडायला शिकली, पण केरोबांची पोथी तेवढी राहिली होती. अप्पारावांचा आवाज असा, की मागच्या रांगेत पेंगणारा माणूसही ताठ बसायचा. आणि यंदा संक्रांत सरली, तोच एका सकाळी हा माणूस न्हाणीघरात कोसळला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. पाय गेला असता, डोळा गेला असता, तर बाईंनी नशिबाला बोल लावून गप्प बसायचं ठरवलं असतं. पण ज्या तोंडानं जन्मभर देवाचं नाव घेतलं, नेमकं त्याच तोंडाला कुलूप? याला न्याय म्हणतात का, असं त्या इस्पितळात मोठ्यानं म्हणाल्या होत्या, आणि नर्सनं त्यांना बाहेर बसवलं होतं.

घरी आणल्यावर अप्पाराव बोलायला जात आणि तोंडातून ‘त, त, त’ एवढंच निघे. पाणी म्हणता येईना, नको म्हणता येईना. बायकोचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, ‘अगं’वर संसार केला होता. आता ते ‘अगं’सुद्धा गेलं.

मग एके दिवशी मंडळाची माणसं भेटायला आली आणि पलंगापाशी बसून त्यांनी पोथीचा पहिला अध्याय लावला. दुसऱ्याच ओवीला अप्पारावांचे ओठ हलले, आणि तिसऱ्या ओवीला तो जुना आवाज खणखणीत बाहेर पडला. एक अक्षर चुकलं नाही. मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव डोळे पुसत उठले आणि त्यांनी मोबाईलवर चित्रण केलं. संध्याकाळपर्यंत ते हैदराबादच्या यच्चयावत मराठी ग्रुपांवर फिरलं. खाली लिहिलं होतं, सगळं गेलं, पोथी राहिली.

पद्मावतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. डॉक्टरांनी समजावलं होतं, की पाठ केलेलं मेंदूत एकीकडे असतं आणि आपलं रोजचं बोलणं दुसरीकडे, हे बोलणं नव्हे, ही फक्त सवय आहे. बाईंना त्याचा अर्थ एवढाच लागला, की देवानं घर लुटलं आणि आपली तेवढी वस्तू जपून ठेवली. माझ्या माणसाच्या तोंडात तुझं नाव शाबूत, आणि माझ्यासाठी एक शब्द नाही. चोर बरा, तो निदान लुटून झाल्यावर आरती करवून घेत नाही.

त्यात अप्पारावांनी नवा छळ मांडला. केव्हाही, भर दुपारी, भाजी फोडणीला टाकलेली असताना, पहाटे दूध यायच्या आधी, ते पहिला अध्याय धडाधडा म्हणायला लागत. मध्येच कुठेतरी थांबत आणि बाईंकडे टक लावून बघत. आणि केरोबांच्या मंडळींत एक नियम फार कडक होता: ओवी अर्धी सोडायची नाही. वाचणाऱ्याला ठसका लागला, चष्मा घसरला, तरी ऐकणाऱ्यांनी ती तिथल्या तिथे पुरी करायची. अर्धी ओवी घरात राहिली तर घरातलं माणूस अर्ध्यावर जातं, असं जुने लोक सांगत. त्यामुळे अप्पाराव थांबले की जो कोणी जवळ असेल तो घाईघाईनं पुढचं म्हणून टाकी. आजारी माणूस, विषाची परीक्षा कोण घेणार?

समोरच्या इमारतीतल्या इंदुताई तर यात पटाईत. एकदा त्या पलंगापाशी बसल्या असताना अप्पाराव ‘पाणी’ या शब्दापाशी थांबले, तशी त्यांनी लगोलग सूर लावला:

पाणी मागे वेशीपाशीं । कोणी न देखे तयासी ।
तहान लागली जीवासी । तरी चाले ॥

आणि भक्तिभावानं नमस्कार केला. अप्पारावांनी डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर बुक्की मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबले, पुन्हा इंदुताईंनी पुरी केली. तिसऱ्या वेळी अप्पारावांनी उशालगतचा रिकामा पेला भिंतीवर फेकला. इंदुताई म्हणाल्या, महाराजांचं वारं आलंय अंगात. पद्मावतीबाईंनी पेला उचलला आणि नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. आम्ही मरमर करायची आणि तुम्ही भक्ती करून वर आम्हालाच भांडी फेकून मारायची, असं त्या बरंच काही बोलल्या. अप्पारावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बाईंनी पाहिलं आणि त्यांना जास्तच राग आला.

उन्हाळा लागला तसे प्रतापराव घरी आले. पारायणाची समाप्ती यंदा फंक्शन हॉलमध्ये मोठी करायचं ठरलं होतं. समाप्तीला ‘अनुभव’ सांगायची मंडळाची रीत होती: ज्याच्यावर कृपा झाली त्यानं सगळ्यांपुढे उभं राहून ती सांगायची आणि देवाचे आभार मानायचे. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असे, कुणाची बदली टळलेली असे. प्रतापराव म्हणाले, “वहिनी, असा अनुभव आपल्या मंडळात आजवर झाला नाही. अप्पाराव पुढे बसून म्हणतील आणि तुम्ही दोन शब्द बोला. देवानं साथ सोडली नाही, एवढंच सांगा.”

बाई तोंडावर नाही म्हणणार होत्या. पण त्यांच्या मनात एक वेगळंच आलं. माईक हातात मिळतोय तर बोलूच की, सगळ्यांसमोर त्याला जाब विचारू. त्या शांतपणे हौ म्हणाल्या. प्रतापराव खूश होऊन चहा पिऊन गेले.

आता ज्याच्याशी भांडायचं त्याचं म्हणणं काय आहे, ते तरी माहीत हवं. आणि पद्मावतीबाईंनी पोथी आयुष्यात वाचली नव्हती. नवरा वाचायचा तेव्हा त्या आत प्रसादाचा शिरा ढवळत असायच्या; कानावर पडून सुरुवातीच्या चार ओव्या तोंडात बसल्या होत्या, तेवढ्याच. त्यांची शाळा तेलुगूतली. हिंदीच्या तासाला अक्षरं शिकल्या म्हणून दुकानाची पाटी वाचता यायची, पण जुन्या मराठीतली ओवी म्हणजे लोखंडाचे चणे. तरी त्यांनी सोवळ्यातली पोथी काढली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी स्टूल घेऊन बसल्या. ओळीखाली बोट ठेवायचं, अक्षर अक्षर जोडायचं, शब्द झाला की पुढे जायचं. प्रणिता, त्यांची मुलगी, हायटेक सिटीतल्या ऑफिसातून येऊन हे बघायची आणि हसायची. तिला स्वतःला मराठी वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, फोनवर ऑडिओ लाव ना अम्मा, अर्ध्या तासात सगळी पोथी होते. बाई म्हणायच्या, मला उरकायची नाहीये, भांडायचंय मला.

केरोबा हा गरीब माणूस देवाला शोधायला उन्हातान्हात निघाला, इथून गोष्ट सुरू होत होती. बाईंना त्याचा रागच आला. घरी बायको-पोरं टाकून निघाला आणि म्हणे संत. पण वाचत मात्र राहिल्या.

मे महिन्यातल्या एका दुपारी करंट गेला. पंखा थांबला, घर भट्टीसारखं तापलं, आणि आतल्या खोलीतून अप्पारावांनी पहिला अध्याय सुरू केला. बाईंनी कपाळाला हात लावला. पोथी समोरच उघडी होती, म्हणून त्या नुसतंच त्यांच्या आवाजाबरोबर बोट सरकवत गेल्या. नवरा पुढे, बोट मागे, अशी ओढाताण चालली होती. केरोबा वेशीवरून पुढे गेला, माळ लागला, आणि अप्पाराव एका शब्दावर थांबले.

“वारा.”

सवयीनं बाईंनी पुढचं म्हणायला तोंड उघडलं, पण पुढचा शब्द त्यांना लागेना. ‘पडला’ होता की ‘पडिला’, त्या अक्षर जोडत बसल्या. बोट ‘वारा’वरच राहिलं. ओवी पुरी करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. घामाचा थेंब पोथीच्या पानावर पडला आणि पद्मावतीबाईंनी वर बघितलं, बंद पंख्याकडे.

त्या आत धावल्या. गॅलरीचं दार सताड उघडलं, पदरानं वारा घालायला लागल्या. अप्पारावांचं अंग घामानं थबथबलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग डोळे उघडून पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागले, भराभर, कुठंतरी पोचायची घाई असल्यासारखे, आणि ‘पाणी’पाशी थांबले. या खेपेला बाईंनी पाणी आणलं. ते घटाघटा प्यायले.

त्यांना मधला शब्द सुटा काढता येत नव्हता. हवा असलेला शब्द पोथीत जिथे असेल तिथवर पहिल्यापासून चालत जावं लागत होतं. तो माणूस रोज एवढी वाट तुडवून एका शब्दाशी येऊन उभा राहत होता, आणि दरवेळी कुणीतरी त्याच्या तोंडातला शब्द काढून घेऊन ओवी पुरी करून देवाला नमस्कार करत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. दुःख होतंच, पण राग त्याहून मोठा होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता.

संध्याकाळी त्यांनी प्रतापरावांना फोन करून सगळं सांगितलं. अनुभव नको, पुढे बसवणं नको, फक्त ते थांबले की थांबा, एवढं सगळ्यांना सांगा. प्रतापरावांना ते रुचलं नाही. ते म्हणाले, “वहिनी, ही महाराजांची वाणी आहे. पाणी आण, पंखा लाव म्हणायला पोथी असते का?” आणि अर्धी ओवी मंडळात राहणार नाही, हेही त्यांनी बजावलं. प्रणिता वडिलांना तेलुगू रीतीनं नान्ना म्हणे; तिलाही पटलं नाही. ती म्हणाली, “अम्मा, डॉक्टर क्लिअर बोलले ना. नान्नांना आदत आहे, मीनिंग नाही त्याच्यात. तू खालीपिली परेशान होऊ नको.” बाईंनी दोघांशीही वाद घातला नाही. पालथ्या घड्यावर पाणी घालण्यात त्यांनी आजवर बराच वेळ घालवला होता.

समाप्तीला न जायचंच त्यांनी ठरवलं होतं. पण सकाळी अप्पाराव स्वतः उठून बसले आणि त्यांनी डाव्या हातानं कपाटाकडे, समाप्तीच्या पांढऱ्या सदऱ्याकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं जिथे बसले तिथे त्यांना बसायचं होतं. त्याला नाही म्हणायची बाईंची छाती झाली नाही.

हॉलमध्ये गेल्यावर कळलं, की वाचकाच्या आसनावर दुसराच कुणी तरुण बसला होता. अप्पारावांसाठी एका बाजूला लग्नातली लाल खुर्ची मांडली होती, झेंडूच्या माळा लावलेली, तोंड लोकांकडे केलेली. त्यांना तिथे बसवलं, गळ्यात हार घातला, पुढ्यात माईक धरला. समोर माणसांपेक्षा मोबाईलच जास्त दिसत होते. अप्पारावांनी एकदा आसनाकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग म्हणायला सुरुवात केली.

आवाज सुरेख लागला. लोक माना डोलवायला लागले. पाणी मागे पडलं, वारा मागे पडला, आणि दिवस कलला तिथे ते थांबले.

“घर...”

सगळा हॉल एका सुरात पुढे सरसावला:

घर आठवे सांजवेळीं । चूल, दिवा, लेंकुरें भोळीं ।
डोळां दाटली काजळी । परतावें कीं ॥

टाळ्या झाल्या, जयजयकार झाला. अप्पारावांनी खुर्चीच्या हातावर बुक्की मारली आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. प्रतापरावांनी कौतुकानं हात वर केले. पुन्हा ‘घर’ आलं, पुन्हा लोकांनी ओवी ओढून नेली, या खेपेला टाळही वाजले. अप्पाराव तिसऱ्यांदा सुरू झाले तेव्हा त्यांचा आवाज चिरकला होता, गळ्यातला हार ते डाव्या हातानं ओढत होते, आणि समोरच्या बायका भक्तीनं डोळे पुसत होत्या. ‘घर’ म्हणताना तर त्यांनी थेट दाराकडे हात केला. तरीही ओवी पुरी झाली.

पद्मावतीबाई उठल्या. प्रतापरावांना वाटलं, अनुभव सांगायला आल्या. त्यांनी अदबीनं दुसरा माईक पुढे केला.

“गप्प बसा सगळे,” बाई म्हणाल्या.

माईकनं कर्कश शिट्टी मारली. लहान मुलंसुद्धा दचकून गप्प झाली.

“ते घरी जायचं म्हणतायत. तीनदा म्हणाले. तुम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही, कारण पोथी तुम्हाला पाठ आहे. पाठ आहे म्हणून ऐकायचं सोडून दिलं तुम्ही. मीबी सोडलं होतं. घरात माझा माणूस पाणी मागत होता, आणि आम्ही त्याच्या तोंडावर ओव्या म्हणत होतो. हा चमत्कार नाही. ही बेशरमी आहे, आणि त्यात मी पहिली.”

प्रतापराव हलक्या आवाजात म्हणाले, “वहिनी, ओवी अर्धी ठेवता येत नाही.”

“अर्धी राहिली तर माझं घर बुडेल ना? बुडू द्या. त्यांनी जिथे थांबायचं तिथे थांबू द्या, एकदा तरी.”

मोबाईल एकेक करून खाली गेले. बाईंनी नवऱ्याच्या गळ्यातला हार काढून खुर्चीखाली ठेवला आणि त्यांच्याजवळ वाकून म्हणाल्या, “चला, जाऊ घरी. झालं तुमचं ऐकून.”

अप्पाराव उठले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

इतकी वर्षं डोक्यावरून गेलेली गोष्ट लोक पहिल्यांदा ऐकत होते. पाणी आलं, गेलं. वारा गेला. घर आलं, आणि पुढच्या रांगेतल्या एकदोघांचे ओठ हलले, पण अप्पाराव थांबलेच नाहीत. पुढे गेले. बाईंचं वाचन इथवर पोचलं नव्हतं. इथून पुढचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्या नुसत्या ऐकत उभ्या होत्या. केरोबा पडक्या देवळात शिरला होता. तीन दिवसांचा उपाशी होता. आणि तो, अगदी तोसुद्धा, देवावर भडकला होता:

केरोबा बोले देवाप्रती । तुटली तुझी माझी प्रीती ।
आतां न धरीं नाम चित्तीं । जा येथूनि ॥

त्यानं देवळाचं दार आतून लावून घेतलं. आणि देव आला तो शंख-चक्र घेऊन नाही. बाहेर कुणी म्हातारी येऊन दार बडवायला लागली होती:

शिव्या देत ठोकी दार । म्हणे खा रे आधीं चतकोर ।
मग भांडाया अपार । रात आहे ॥

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अप्पारावांनी डावा हात वर केला. बोट बाईंकडे होतं.

“बडबडे, परी न जाये...”

आणि ते थांबले.

पुढचे तीन चरण हॉलमधल्या बहुतेकांना पाठ होते. प्रतापरावांचं तोंड उघडलं, आणि त्यांनी ते मिटून घेतलं. इंदुताईंनी पदराचा बोळा तोंडावर धरला. कुणीही ओवी पुरी केली नाही. अप्पाराव बायकोकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे.

पद्मावतीबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. जाब विचारायचा होता, त्यासाठी महिनाभर मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं, आणि त्याचाही त्यांना राग आला. माईक अजून हातातच होता. समाप्तीची रीत म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“देवाशी माझं भांडण हाय,” त्या म्हणाल्या. “ते मिटलेलं नाही. पण त्या म्हातारीची भाकरी पोचली. तेवढं सांगते.”

त्यांनी माईक प्रतापरावांच्या हातात दिला, नवऱ्याच्या काखेत खांदा घातला आणि प्रणिताला ऑटो बोलवायला सांगितलं.